मार्टिन क्लाप्रोथ : नाव दिले, श्रेय घेतले नाही

टेल्युरियमची पूड तीव्र सल्फ्युरिक आम्लात टाकली, की आम्लाला गर्द लाल रंग चढतो. त्यात पाणी मिसळले, की रंग जातो आणि काळा साका तळाशी बसतो. हे निरीक्षण १७९८ साली मार्टिन हाइनरिख क्लाप्रोथ यांनी नोंदवले.

क्लाप्रोथ यांचा जन्म १७४३ साली जर्मनीतील वेर्निगेरोडे येथे एका शिंप्याच्या घरी झाला. आगीत घर गेले आणि कुटुंबाची परवड झाली. किशोरवयातच ते औषधालयात उमेदवारी करू लागले. १७७१ साली बर्लिनमध्ये ते व्हॅलेंटिन रोझ यांच्या औषधालयात आले. त्याच वर्षी रोझ वारले. क्लाप्रोथ यांनी त्यांचे दुकानही सांभाळले आणि मुलांनाही. पुढे स्वतःच्या औषधालयातील प्रयोगशाळेत त्यांनी १७८९ साली युरेनियम आणि झिर्कोनियम ही मूलद्रव्ये ओळखली.

त्या काळी पृथक्करणाच्या आकड्यांची बेरीज शंभर भरावी म्हणून ते जुळवून घेतले जात. क्लाप्रोथ मात्र आलेला आकडा, घट-वाढीसह, तसाच छापत. हाच प्रामाणिकपणा टेल्युरियमच्या वेळी दिसला. ट्रान्सिल्व्हेनियातील सोन्याच्या खनिजात हे मूलद्रव्य १७८२ साली म्युलर फॉन रायखेनश्टाइन यांना आढळले होते. आम्लाचा लाल रंग त्यांनीही पाहिला होता, पण खात्री होत नव्हती. त्यांनी पाठवलेला नमुना क्लाप्रोथ यांनी तपासला, पृथ्वीच्या लॅटिन नावावरून त्याला टेल्युरियम म्हटले आणि शोधाचे श्रेय म्युलर यांना दिले.

तो लाल रंग कशाचा, याचा उलगडा १९६० च्या दशकात झाला. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात रोनाल्ड गिलेस्पी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की टेल्युरियमचे चार अणू चौकोनात जोडले जातात आणि त्या गटावर दोन धनभार असतात. आम्ल टेल्युरियमकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, म्हणून हा आयन बनतो. पाण्यात तो टिकत नाही, म्हणून काळे टेल्युरियम परत मिळते. गंधक आणि सेलेनियम यांचेही असे रंगीत आयन बनतात. आज ते द्रवरूप सल्फर डायऑक्साइडमध्ये, आर्सेनिक पेंटाफ्लोराइडसारखे ऑक्सिडीकारक वापरून, हवा आणि ओलावा पूर्ण टाळून तयार करतात. ही रसायने घातक असल्याने हे काम प्रशिक्षित हातांचेच.

विद्यापीठात न शिकलेले क्लाप्रोथ १८१० साली बर्लिन विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १ जानेवारी १८१७ रोजी त्यांचे निधन झाले.