किहीमची घरटी आणि डॉ. सालिम अली

पाऊस सुरू झाला की आपल्या सायली-सिल्वासा भागात शिंदीच्या झाडांवर सुगरणीची घरटी लोंबू लागतात. ती कोण विणतं, असं विचारलं तर आम्ही मराठी माणसं बहिणाबाईंची कविता आठवून लगेच सुगरणीचं नाव घेतो. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. या घरट्यांतला सगळा व्यवहार बारकाईनं पाहून मांडला तो डॉ. सालिम अली यांनी.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम लहानपणीच आईवडिलांना पारखे झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि वाट ठरली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. संग्रहालयात नोकरी होती; १९२९ मध्ये ते बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

म्हणून १९३० मध्ये पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले. तिथे सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी घरट्यांवर नजर ठेवली आणि नोंदी केल्या. नर घरटं अर्धवट विणतो, मग माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडलं तरच तो खालची नळी विणून ते पुरं करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसरीची वाट पाहतो. नापसंत घरटी तशीच अर्धी लटकत राहतात. आपण पाहतो त्यांतली बरीचशी हीच. नोकरी टिकली असती तर हे काम झालं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

घरट्यांवरच्या अशा पहाऱ्याचं मोल पुढे जगभर कळलं. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेतले बाल्ड ईगल हे गरुड घटले. १९६३ मध्ये अलास्का वगळता जेमतेम ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. डीडीटीवर बंदी आली, घरटी जपली गेली, आणि २००७ मध्ये हा गरुड संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. आपल्या कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं केली.

१९३९ मध्ये तहमीना गेल्या. सालिम अली पुन्हा पाहणीच्या कामाला लागले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. ते अजूनही छापलं जातं. भरतपूरची पाणथळ जागा वाचवण्यासाठी ते झटले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. २० जून १९८७ रोजी, नव्वदीत, मुंबईत त्यांचं निधन झालं.