ज्याला हात लावायला मालिशवाले तयार नव्हते, तोच आदिवासी फुटबॉलपटू पुढं राज्याचा गव्हर्नर झाला

गोष्ट आहे १९२७ सालची. ठिकाण, ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न शहर.

जेमतेम ५ फूट २ इंच उंचीचा, विशीतला एक पोरगा कार्लटन नावाच्या नामांकित फुटबॉल क्लबमध्ये जागा मिळवायला आला होता. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. पण सरावानंतर खेळाडूंची मालिश करून द्यायची वेळ आली, तेव्हा क्लबच्या मालिशवाल्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. त्याच्या अंगाला वास येतो, अशी तक्रार खेळाडूंनी केली. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. पोरगा काळा होता, आदिवासी होता.

पोरानं आपलं सामान उचललं आणि तो निघून गेला.

त्याचं नाव डग निकोल्स. बरोबर ४९ वर्षांनी हाच माणूस दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचा गव्हर्नर झाला. या दोन घटनांच्या मध्ये काय घडलं, ते आज समजून घेऊ.

सुरुवात झाली नदीकाठच्या वस्तीत

डग निकोल्स यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा. न्यू साउथ वेल्स राज्यात मरी नदीच्या काठावर कमरगंजा नावाची वस्ती आहे, तिथला. ते योर्टा योर्टा या आदिवासी समाजाचे.

त्या काळात आदिवासींना अशा राखीव वस्त्यांमध्ये ठेवलं जायचं. वस्तीवर सरकारी मॅनेजर असायचा आणि त्याचा शब्द म्हणजे कायदा. कुणी कुठं राहायचं, कुठं काम करायचं हे तोच ठरवायचा. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी संस्थांमध्ये टाकण्याचे अधिकारही सरकारकडे होते.

डग साधारण ८ वर्षांचे असताना एक दिवस वस्तीवर पोलीस आले आणि त्यांच्या १६ वर्षांच्या बहिणीला जबरदस्तीनं घेऊन गेले. तिला पाठवलं गेलं कूटामुंड्राच्या संस्थेत, जिथं आदिवासी मुलींना गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून कामाला तयार केलं जायचं. आईचा तो आक्रोश डग आयुष्यभर विसरले नाहीत.

चौदाव्या वर्षी डगना वस्ती सोडावी लागली. मेंढपाळीच्या मोठ्या फार्मवर मिळेल ते काम करत त्यांनी दिवस काढले. फुटबॉल मात्र सुटला नाही.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा वेगळाच खेळ आहे. मैदान क्रिकेटसारखं लंबगोल आणि प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. बॉलही लंबगोल. तो लाथेनं मारता येतो, मुठीनं ठोसा मारून पास करता येतो आणि हातात घेऊन पळताही येतं. फक्त पळता पळता तो मधे मधे जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून बॉल मारला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण.

खेळ धसमुसळा. धिप्पाड खेळाडूंच्या गर्दीत ५ फूट २ इंचाचा माणूस काय करणार, असं कुणालाही वाटेल. पण डग यांची ताकद होती वेग. त्यांच्यावर झेप घेणारा पोचेपर्यंत ते तिथून निसटलेले असायचे.

कार्लटननं नाकारलं, नॉर्थकोटनं घेतलं

कार्लटनमधून बाहेर पडल्यावर ते नॉर्थकोट या क्लबकडं गेले. हा क्लब दुसऱ्या, थोड्या खालच्या मानल्या जाणाऱ्या स्पर्धेत खेळायचा. तिथं डग चमकले आणि १९२९ मध्ये नॉर्थकोटनं विजेतेपद पटकावलं. त्याच वर्षी त्यांनी वॉरकनबील आणि नाया इथल्या पैसे लावून होणाऱ्या धावण्याच्या शर्यतीही जिंकल्या. मधल्या काळात पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या बॉक्सिंगच्या तंबूत ठोसेही खाल्ले आणि दिलेही.

मग १९३२ मध्ये फिट्झरॉय क्लबनं त्यांना मोठ्या लीगमध्ये आणलं.

पहिल्या दिवशी डग ड्रेसिंग रूमच्या एका कोपऱ्यात एकटेच बसले. कार्लटनची आठवण ताजी होती. तेव्हा संघातला सगळ्यात मोठा स्टार हेडन बंटन उठला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसला. स्टारच शेजारी बसल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. दोघांची मैत्री पुढं टिकली.

फिट्झरॉयकडून डग ५४ सामने खेळले. १९३५ मध्ये ते व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडले गेले आणि तो मान मिळवणारे पहिले आदिवासी खेळाडू ठरले. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि त्यांची कारकीर्द उताराला लागली.

इथं बहुतेक खेळाडूंची गोष्ट संपते. डग यांची मोठी गोष्ट इथून सुरू होते.

मैदानातून चळवळीत

त्यांच्या नात्यातलेच विल्यम कूपर हे आदिवासींच्या हक्कांसाठी लढणारे जुने कार्यकर्ते. लोक फुटबॉलपटूचं ऐकतात, हे कूपर यांनी ओळखलं आणि डगना चळवळीत ओढलं.

२६ जानेवारी १९३८ ला गोऱ्यांच्या आगमनाची १५० वर्षं ऑस्ट्रेलियाभर साजरी होत होती. त्याच दिवशी सिडनीत आदिवासींनी शोकदिन पाळला. त्या सभेत डगही होते. पुढच्याच वर्षी कमरगंजाच्या लोकांनी मॅनेजरच्या जाचाला कंटाळून वस्ती सोडली आणि नदी ओलांडून व्हिक्टोरियात आसरा घेतला. डग यांच्यासाठी हे घरचंच दुःख होतं.

१९४२ मध्ये त्यांनी ग्लॅडिस यांच्याशी लग्न केलं. ग्लॅडिस या त्यांच्या दिवंगत भावाच्या पत्नी. तिच्या मुलांसकट त्यांनी संसार उभा केला. फिट्झरॉय भागात आलेल्या गरीब आदिवासींसाठी डग चर्चचे पास्टर झाले. कुणाला नोकरी नाही, कुणाला दारूनं पोखरलंय, कुणाचं पोरगं पोलिसांनी उचललंय, सगळे पास्टर डग यांच्या दारात. दोघा नवरा-बायकोनं कुणालाही परत पाठवलं नाही.

१९५७ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॉरबर्टन भागात गेले. तिथल्या आदिवासींची उपासमार आणि आजारपण कॅमेऱ्यात टिपलं गेलं. ही फिल्म शहरांतल्या सभागृहांमध्ये दाखवल्यावर गोरे प्रेक्षकही हादरले. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये ॲबओरिजिन्स ॲडव्हान्समेंट लीग उभी राहिली आणि डग तिचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

१९६३ मध्ये सरकारनं लेक टायर्स ही आदिवासी वस्ती बंद करायचा घाट घातला. डग आदिवासींसाठीच्या सरकारी मंडळावर होते. त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला आणि मोर्चात उतरले. शेवटी १९७१ मध्ये ती जमीन तिथल्या आदिवासींच्या मालकीची झाली.

मधे १९६७ चं सार्वमत झालं. अनेकांना वाटतं की त्यातून आदिवासींना मतदानाचा हक्क मिळाला. तसं नाही. आदिवासींना जनगणनेत मोजायचं आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला द्यायचा, असे ते मुद्दे होते. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी बाजूनं मत दिलं. त्यासाठी गावोगाव फिरणाऱ्यांमध्ये डग होते.

सगळेच त्यांच्यावर खूश होते असं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी आलेल्या तरुण कार्यकर्त्यांना ते फार मवाळ वाटायचे. गोऱ्यांशी गोड बोलून काय मिळणार, असा त्यांचा सवाल होता. डग मात्र गोऱ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय काम होणार नाही, या मतावर शेवटपर्यंत ठाम राहिले.

आणि मग सर डग

१९७२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले आदिवासी. १ डिसेंबर १९७६ ला ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही राज्याच्या गव्हर्नरपदावर आदिवासी माणूस बसण्याची ती पहिलीच वेळ होती.

दुर्दैवानं दोनच महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि एप्रिल १९७७ अखेर त्यांनी पद सोडलं. ४ जून १९८८ ला त्यांचं निधन झालं. दफन कुठं झालं? ज्या वस्तीतून बहिणीला पोलीस घेऊन गेले होते आणि चौदाव्या वर्षी ज्या वस्तीतून स्वतः बाहेर पडावं लागलं होतं, त्याच कमरगंजाच्या मातीत.

२०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये आदिवासी खेळाडूंच्या सन्मानाची जी फेरी होते, तिला सर डग निकोल्स राउंड असं नाव आहे. सगळे संघ आदिवासी चित्रकलेच्या खास जर्सी घालून उतरतात.

त्यात कार्लटनही असतो.