पिसासारखे पाऊल, चामड्याचा तळ

आटपाडीच्या माळावर मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाची वहाण जड असते. काट्याखड्यांपासून पाय वाचवायचा तर तळ जाड हवा, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच माणदेशात ढोलाचा ठेका सुरू होऊन गजीनृत्याचे रिंगण धरले गेले, की पाऊल पूर्णपणे जमिनीवर पडते आणि नाचणाऱ्याचा सगळा भार माती पेलते. युरोपातील बॅले नृत्याची रीत याच्या अगदी उलट आहे. तेथे नर्तकीने मातीशी असलेले नाते जवळजवळ तोडायचे असते. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहून, आपल्या देहाला वजनच नाही असा आभास तिला निर्माण करावा लागतो. त्यासाठी तिच्या पायात असतो तो पॉइंट जोडा. प्रेक्षकाला तो रेशमी, नाजूक आणि हलका दिसतो. नर्तकीचा घोटा, बोटे आणि पर्यायाने सारे आयुष्य मात्र त्याच्यावर अवलंबून असते. हा जोडा किती हलका असावा आणि किती भक्कम, या प्रश्नाशी जन्मभर झगडलेल्या नर्तकीचे नाव आहे अ‍ॅना पावलोवा.

रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे १२ फेब्रुवारी १८८१ रोजी अ‍ॅनाचा जन्म झाला. आई ल्युबोव्ह धुणी धुऊन पोट भरीत असे. दिवस पूर्ण भरण्याआधीच जन्मलेले हे मूल अशक्त आणि सतत आजारी होते. बालपणाचा बराचसा काळ तिने शहराबाहेर लिगोवो या गावी आजीजवळ काढला. ती आठ-नऊ वर्षांची असताना आईने तिला मारिन्स्की नाट्यगृहात चायकोव्हस्कीच्या संगीतावरील ‘द स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले दाखविला. त्या एका संध्याकाळीने मुलीच्या आयुष्याची दिशा ठरविली. राजाश्रय असलेल्या बॅले विद्यालयाने वय कमी म्हणून तिला प्रथम परत पाठविले. १८९१ मध्ये, दहाव्या वर्षी, मात्र तिला प्रवेश मिळाला.

विद्यालयात तिच्या शरीराने तिची परीक्षा पाहिली. त्या काळच्या रशियन रंगभूमीला आटोपशीर, बळकट बांध्याच्या नर्तकी हव्या असत. अ‍ॅनाचे हातपाय लांब, घोटे बारीक आणि पावलांची कमान कमालीची उंच. सोबतच्या मुली तिला केरसुणी म्हणून चिडवीत. उंच कमानीचे पाऊल बोटांच्या टोकावर उभे राहिले की अतिशय सुंदर दिसते. परंतु तेच पाऊल सर्वांत धोक्याचेही असते. कमान जितकी अधिक, तितका भार पुढे झुकतो, घोटा लचकण्याचे भय वाढते आणि सारे वजन अंगठ्यावर येते. निसर्गाने अ‍ॅनाला सौंदर्य आणि संकट एकाच पावलात दिले होते.

तिच्या अडचणीचे स्वरूप समजण्यासाठी या जोड्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो. १८३२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मारी तालिओनी हिने ‘ला सिल्फीद’ हा बॅले बोटांच्या टोकांवर उभे राहून सादर केला आणि वाऱ्यावर तरंगणाऱ्या परीची प्रतिमा बॅलेला कायमची चिकटली. तालिओनीच्या पायातील जोडा म्हणजे साटीनची मऊ सपाता होती. तळाला पातळ चामडे आणि टोकाला व कडांना आकार टिकावा म्हणून घातलेले दोऱ्याचे टाके, एवढाच त्याचा आधार. बाकी सारे बळ नर्तकीच्या पायाचे. जोडा हलका होता, पण त्यावर क्षणभर उभे राहता येई. गिरक्यांची माळ गुंफता येत नसे. पुढे इटलीतील कारागिरांनी टोक कडक व चपटे केले. त्या बळावर इटालियन नर्तकी पियरिना लेन्यानी हिने १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एका पायावर सलग ३२ गिरक्या घेऊन दाखविल्या आणि रशियातील प्रत्येक विद्यार्थिनीला त्यांचे वेड लागले.

अ‍ॅनाही त्याला अपवाद नव्हती. परंतु तिचे गुरू पावेल गेर्ट यांनी तिला या कसरतींपासून परावृत्त केले. तिच्या नाजूक घोट्यांना तो मार्ग मानवणारा नव्हता आणि तिची खरी शक्ती अभिनयात व रेषेच्या लालित्यात आहे, हे त्यांनी ओळखले होते. १८९९ मध्ये शिक्षण पूर्ण करून ती मारिन्स्कीच्या मंचावर आली. १९०२ मध्ये ‘ला बायादेर’ या भारतीय देवदासीच्या कथेवरील बॅलेत तिने निकियाची भूमिका केली, १९०३ मध्ये ‘जिझेल’ साकारली आणि १९०६ मध्ये तिला प्रमुख नर्तकीचा दर्जा मिळाला. मिखाईल फोकिन यांनी सँ-साँ यांच्या संगीतावर तिच्यासाठी रचलेले मरणोन्मुख हंसाचे नृत्य अवघ्या काही मिनिटांचे आहे; पण त्यानेच तिचे नाव जगभर नेले. या नृत्यात मोठ्या उड्या नाहीत. बोटांच्या टोकांवरील अतिशय बारीक, अखंड पावले आणि हातांची थरथर यांतून जीव सोडणारा पक्षी उभा राहतो.

ही अखंड पावले साध्य व्हायची तर पायाला आधार हवा होता. अ‍ॅनाचे जोडे मिलान येथील रोमेओ निकोलिनी या कारागिराकडून येत. पॉइंट जोड्याची घडण वरवर साधी भासते. कापड, गोणपाट आणि कागद यांचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून बोटांभोवती एक कडक कवच तयार करतात. तळाशी चामडे, त्याच्या आत पावलाच्या कमानीला तोलणारी ताठ पट्टी आणि वरून साटीन. जोडा उलटा शिवून मग सुलटा करतात आणि खळ सुकून घट्ट होईपर्यंत उबेत ठेवतात. हाताने बनविलेल्या या वस्तूचे दोन नग तंतोतंत सारखे नसतात. शिवाय घाम आणि दमट हवा यांमुळे खळ मऊ पडते. मोठ्या भूमिकेत एक जोडी एका प्रयोगातच निकामी होऊ शकते.

कारागिराकडून आलेला जोडा अ‍ॅना जशाचा तसा पायात घालीत नसे. कमानीला जास्तीचा आधार मिळावा म्हणून ती आत चामड्याचा तळ बसवी. टोक अधिक कडक आणि सपाट करून घेई, म्हणजे उभे राहण्यास थोडी अधिक जागा मिळे. हे करताना जोड्याचे वजन किंचित वाढत असणार. परंतु पायावरचा ताण कमी होत असे. तिने तोललेले गणित हेच होते. जोडा हलका असल्याने नर्तकी हलकी दिसत नाही. पाय निर्धास्त असला की ती हलकी दिसते.

तिच्या काळातील अनेकांना हे मान्य नव्हते. नर्तकीने आपला तोल स्वतःच्या स्नायूंनी सांभाळावा, जोड्याची मदत घेणे म्हणजे लबाडी, असे मानणाऱ्यांचा पक्ष लहान नव्हता. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही. बॅलेची सारी शिस्त पायाची ताकद वर्षानुवर्षे कमावण्यावर उभी आहे आणि कडक जोडा अशक्त पायाचे दोष झाकू शकतो. अ‍ॅनाचे उत्तर तिच्या तालमीत होते. कीर्तीच्या शिखरावर असतानाही तिने एन्रिको चेकेट्टी या कठोर शिक्षकाकडे धडे गिरविले. आधार घेतला तो कष्ट टाळण्यासाठी नव्हे, तर त्या कष्टांचे चीज व्हावे म्हणून. तरीही टीका तिला बोचत असावी. छायाचित्रांत जोड्याचे रुंद टोक दिसू नये म्हणून ती छायाचित्रे दुरुस्त करवून घेई आणि छापील चित्रातील तिचे पाऊल सुईच्या अग्रासारखे निमुळते दिसे. जगाला अशक्य वाटणारे ते पाऊल खरोखरच अशक्य होते. त्या चित्रांकडे पाहून तसाच नाजूक जोडा मागणाऱ्या मुलींची यात फसगत होण्याचा धोका होता, ही या कथेची दुसरी बाजू नाकारता येत नाही.

१९०९ मध्ये दियागिलेव्ह यांच्या संचातून ती पॅरिसला गेली. १९१० मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क तिने जिंकले. त्याच अमेरिका दौऱ्यात तिने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराजवळ दुकान थाटलेल्या साल्वातोरे कापेझिओ या इटालियन चर्मकाराकडून स्वतःसाठी व आपल्या संचासाठी जोडे घेतले आणि त्या छोट्या दुकानाचे नाव सर्वतोमुखी झाले. १९१२ मध्ये तिने लंडनमध्ये ‘आयव्ही हाऊस’ हे घर घेतले. तेथील तळ्यात तिने हंस पाळले होते. पहिल्या महायुद्धानंतर मायदेश तिला कायमचा दुरावला. त्यानंतरचे आयुष्य म्हणजे आगगाड्या, बोटी आणि पेट्यांतून वाहिलेल्या जोड्यांचा अखंड प्रवास.

या प्रवासाने तिला भारतातही आणले. १९२२-२३ च्या पूर्वेकडील दौऱ्यात आणि पुन्हा १९२८-२९ मध्ये ती येथे येऊन गेली. मुंबईकरांनी तिचे नृत्य पाहिले. ज्या नृत्यांना जोड्याची गरजच नाही, अनवाणी तळव्यावर आणि घुंगरांच्या नादावर जी उभी आहेत, त्यांच्याविषयी तिला विलक्षण ओढ होती. १९२३ मध्ये तिच्या संचाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारित बॅले रंगमंचावर आणला. त्याच वर्षी, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून लंडनला गेलेल्या उदयशंकर या चित्रकलेच्या विद्यार्थ्याने तिच्यासाठी राधा-कृष्णाचे नृत्य बसविले. स्वतः कृष्ण होऊन तो राधा झालेल्या पावलोवाबरोबर नाचला. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला तिने त्याला दिला. मुंबईत १९२८ मध्ये तिचा प्रयोग पाहिलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिच्या संचातील क्लिओ नॉर्डी हिच्याकडून बॅलेचे पाठ मिळाले आणि पुढे भारतीय नृत्याकडे वळण्याची प्रेरणाही पावलोवाकडूनच मिळाली. १९३६ मध्ये त्यांनी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, कलाक्षेत्राची स्थापना केली. खंडाळ्यात नृत्यशाळा चालविणाऱ्या मादाम मेनका यांनाही तिचे प्रोत्साहन लाभले होते. दुसऱ्याच्या पायात आपला जोडा बळेच घालू नये, हे शहाणपण तिच्याजवळ होते.

जानेवारी १९३१ मध्ये दौऱ्यावर असताना तिला फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. २३ जानेवारी रोजी नेदरलँड्समधील द हेग येथे तिचे निधन झाले. पन्नाशी गाठायला तिला तीन आठवडे उरले होते. शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण नृत्य थांबेल असे कळल्यावर तिने ती नाकारली, असे सांगितले जाते. अखेरच्या घटकेला तिने हंसाचा पोशाख मागितल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. तिच्या संचाच्या पुढच्या प्रयोगात हंसाच्या नृत्याची वेळ आली तेव्हा रिकाम्या रंगमंचावर केवळ प्रकाशझोत फिरला, असेही सांगतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात अजूनही जिच्या जन्मस्थानावरून वाद होतो, ती अंड्याच्या पांढऱ्याची ‘पावलोवा’ नावाची मिठाई अनेकांना ठाऊक असते. तिचा अधिक टिकाऊ वारसा मात्र आजच्या नर्तकींच्या पायांत आहे. भक्कम कवच आणि ताठ तळ असलेला जो जोडा एकेकाळी लबाडीचा मानला गेला, तोच आज सर्वमान्य आहे. १९९३ पासून तर गेनर मिंडेन या अमेरिकी कंपनीने खळ आणि पुठ्ठ्याऐवजी लवचीक कृत्रिम द्रव्याचे तळ बाजारात आणले आणि नैसर्गिक की कृत्रिम आधार हा जुना वाद नव्या रूपात पुन्हा रंगला.

आपल्या शहरांतही मुली आता बॅले शिकतात. पहिली जोडी घेताना पालकांचे लक्ष बहुधा जोड्याच्या हलकेपणाकडे आणि साटीनच्या चमकेकडे जाते. जाणते शिक्षक आधी पाऊल पाहतात. बोटांची लांबी, चवड्याची रुंदी, कमानीची उंची आणि घोट्याची ताकद यांवर निवड ठरते. कवच सैल असेल तर पाऊल आत घसरून सारा भार अंगठ्यावर येतो. घट्ट असेल तर बोटे आवळली जातात. वाढत्या पायासाठी मोठा जोडा घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते. उंच कमानीच्या पायाला वरची झडप खोल आणि तळ अधिक ताठ लागतो. ताठर पायाला मऊ तळ बरा. मऊ, हलका जोडा आवाज कमी करतो, पण लवकर मोडतो. आणि काही वर्षांच्या तयारीने पाय बळकट झाल्याशिवाय, साधारण अकरा-बाराव्या वर्षापूर्वी, असा कोणताच जोडा घालू नये, असे मानले जाते.

धुणे धुणाऱ्या बाईच्या अशक्त मुलीने स्वतःचे पाऊल ओळखले आणि लोक काय म्हणतील याची भीती असूनही त्याला लागेल तेवढे चामडे दिले. म्हणून ते पाऊल तीस वर्षे टिकले. तिने वापरलेले काही जोडे आजही जपून ठेवलेले आहेत. छायाचित्रांतील निमुळत्या टोकांपेक्षा ते रुंद आहेत.