वाशीमचे कापड आणि माधवरावांचा तह

वाशीम म्हटले की आज बालाजीचे मंदिर डोळ्यांपुढे येते, वाकाटकांची वत्सगुल्म नगरी आठवते. पण अडीचशे वर्षांपूर्वी हे गाव कापडासाठी नावाजलेले होते. इतके, की त्याचे नाव एका राजकीय तहात आले. तो तह घडवणारे थोरले माधवराव पेशवे तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते.

माधवरावांचा जन्म १७४५ चा. १७६१ साली पानिपतावर थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ पडले. त्या धक्क्याने वडील नानासाहेबही गेले आणि सोळाव्या वर्षी या पोराच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. दौलतीवर कर्जाचा डोंगर, घरात रघुनाथरावांची भाऊबंदकी, भोवती निजाम आणि हैदर. १७६५ साली तर बंगालची दिवाणी इंग्रजांच्या हाती गेली.

त्यातच नागपूरकर जानोजी भोसले कधी इकडे, कधी तिकडे. १७६३ साली ते निजामाला मिळाले आणि पुणे लुटले गेले. मग बत्तीस लाखांच्या मुलखाच्या बोलीवर ते पेशव्यांकडे वळले आणि राक्षसभुवनी निजाम हरला. त्यातला चोवीस लाखांचा मुलूख माधवरावांनी १७६६ साली परत घेतला. तरी कटकट मिटेना. १७६९ साली पेशव्यांनी नागपूर लुटले, तर जानोजी पुण्याच्या रोखाने निघाले. पुणेकर घरेदारे सोडून पळू लागले.

वऱ्हाड तर दुअंमली मुलूख. निजामही वसूल करणार आणि भोसलेही. त्यात फौजांची ये-जा. फौज गेली त्या वाटेला उभे पीक राहत नाही, बैल राहत नाहीत, व्यापारी फिरकत नाही. मग माग कशाच्या जोरावर चालायचा?

माधवरावांनी हे ओळखले. लढाई ताणण्याऐवजी २३ मार्च १७६९ रोजी कनकापूरला तह झाला. जानोजींनी उरलेला मुलूख सोडावा, सालीना पाच लाख द्यावेत, परवानगीवाचून फौज वाढवू अगर घटवू नये, इंग्रज वा निजामाशी परस्पर बोलणी करू नयेत. उलट पेशव्यांनी हिंदुस्थानात जाताना नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखास उपद्रव देऊ नये. आणि वाशीम-बाळापूरचे पाच हजारांचे कापड दरसाल पुण्यास यावे.

वाचकहो, लाखांच्या त्या व्यवहारात पाच हजार ते किती! पण दरसाल कापड यायचे तर दरसाल माग चालला पाहिजे, आणि माग चालायचा तर गावात शांतता हवी. त्यासाठी तलवारीचा धाक लागला आणि दोन पावले मागे घेण्याचे शहाणपणही लागले. नुसत्या धाकाने नागपूर लुटता आले, वाशीमचा माग चालवता आला नसता.

पुढे १७७२ च्या आरंभी मराठ्यांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने माधवराव गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. जाण्यापूर्वीची त्यांची मोठी चिंता होती दौलतीचे कर्ज फेडण्याची. रणात जिंकलेले राज्य हिशेबात हरू शकते, हे त्या तरुणाला उमगले होते.