गांजाची परीक्षा घेणारा डॉक्टर

गांजाने काचबिंदू बरा होतो का, असे राळेगाव परिसरातले रुग्णही आता मोबाइलवर काहीबाही पाहून विचारतात. उत्तरासाठी गांजाला आधुनिक वैद्यकात आणणाऱ्या माणसाचे काम पाहिले पाहिजे.

विल्यम ओ'शॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. त्यांनी एडिंबरोत वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले, त्यातले पाणी व क्षार घटल्याचे दाखवले आणि ते शिरेतून भरून काढण्याची कल्पना मांडली. आजच्या सलाइनचे मूळ तिथे आहे.

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. इथे गांजा, भांग, चरस यांचा औषधी वापर पाहून त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळले आणि जाणकारांना विचारले. पण ऐकीव माहितीवर ते थांबले नाहीत. आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मग रुग्णांना मोजून मात्रा दिली. १८३९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: धनुर्वाताचे झटके कमी होतात, रेबीजचा रुग्ण वाचत नाही, पण यातना हलक्या होतात, मात्रा वाढली तर रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो. गुण आणि दोष दोन्ही त्यांनी लिहिले. पुढे भारतभर तारायंत्राचे जाळे उभारण्याचे कामही त्यांनी केले. १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

काचबिंदूलाही हीच कसोटी लावू. १९७१ मध्ये अमेरिकेत हेपलर आणि फ्रँक यांना गांजा ओढल्यावर डोळ्यातला दाब उतरल्याचे आढळले. मात्र हा परिणाम जेमतेम ३-४ तास टिकतो. काचबिंदूत दाब चोवीस तास आटोक्यात हवा. म्हणजे दिवसातून ६-८ वेळा नशा करावी लागेल. शिवाय गांजाने रक्तदाब उतरला तर डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठाही घटू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ हा उपचार सुचवत नाहीत. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हाही आहे.

दिवसातून एक-दोनदा टाकायचे थेंब हे काम जास्त चांगले करतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि सुरुवातीला तो दुखत नाही. त्यामुळे थेंब मनाने बंद करू नका. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळ्यांचा दाब तपासून घ्या.