एक हट्टी मास्तर आणि शब्दांच्या जोड्या

इंग्रजीतला अवघड शब्द आपल्याला अडवतो, पण सहसा फसवत नाही. तो आला की कोश उघडावा लागणार हे कळते. फसवतात ते एकमेकांसारखे वाटणारे शब्द. मी बत्तीस वर्षे तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवले. मुलांचे गुण 'लक्झ्युरियस'पायी कमी जातात की 'लक्झ्युरियंट'पायी, हे मला उत्तरपत्रिका न उघडता सांगता आले असते. देवनागरीत लिहिले तर कित्येकदा उरलासुरला फरकही नाहीसा होतो. तत्त्व तेही 'प्रिन्सिपल' आणि मुख्याध्यापक तेही 'प्रिन्सिपल'. वह्या-पेन्सिली ती 'स्टेशनरी' आणि जागची न हलणारी गाडीही 'स्टेशनरी'च!

असल्या जोड्यांचा निवाडा करण्यात एका माणसाने जवळजवळ सारे आयुष्य घालवले. हेन्री वॉटसन फाउलर हे त्याचे नाव. 'कन्साइज ऑक्सफर्ड' हा कोश आपल्याकडे शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून असे, तो मुळात त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने रचला. पण फाउलर हे नाव ज्यामुळे जवळजवळ सामान्यनाम बनले, तो ग्रंथ म्हणजे १९२६ सालचा 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज'. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल यांनी लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या एका कागदावर 'इंटेन्सिव्ह' शब्द पाहिला. तिथे 'इंटेन्स' हवा होता. महायुद्ध चालू असताना त्या पंतप्रधानांनी वेळ काढून अधिकाऱ्यांना फाउलर वाचण्याची सूचना केली. 'इंटेन्स' म्हणजे तीव्र. 'इंटेन्सिव्ह' म्हणजे एकाच ठिकाणी सारे बळ एकवटलेले. रुग्णालयातल्या आयसीयूमधला 'आय' हा दुसऱ्या शब्दाचा आहे आणि तो तिथे योग्यच आहे.

फाउलर यांचा जन्म १८५८ सालचा, केंट परगण्यातल्या टनब्रिजचा. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक. आठ भावंडांत हे थोरले. रग्बी शाळा, मग ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज, आणि १८८२ पासून उत्तर इंग्लंडातल्या सेडबर्ग शाळेत मास्तरकी. तिथे सतरा वर्षे निघाली. पुढे बढतीचा प्रश्न आला तेव्हा एक अडचण उभी राहिली. वरच्या पदावरच्या शिक्षकाने मुलांची चर्चच्या दीक्षाविधीसाठी तयारी करून घ्यायची, अशी तिथली रीत होती. फाउलर यांची श्रद्धा उरली नव्हती. चार प्रश्नोत्तरे पढवायला काय जाते, असे दुसरा कोणी म्हणाला असता. यांनी १८९९ साली नोकरी सोडली. वय चाळिशीपलीकडचे, घरची श्रीमंती नाही. मला वाटते, त्यांच्या कोशाचे बीज इथेच सापडते. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला मान्य नाही तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हा हट्ट व्याकरणातून आलेला नव्हता.

काही वर्षे लंडनमध्ये लिखाणावर गुजराण करून ते १९०३ साली गर्न्सी बेटावर गेले. धाकटा भाऊ फ्रँक तिथे टोमॅटोची शेती करीत असे. दोघांनी जवळजवळ घरे बांधली, सकाळी समुद्रात पोहायचे आणि मग लिहायला बसायचे. १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश' आले. वृत्तपत्रांतल्या आणि मान्यवर लेखकांच्या चुका त्यात उघड्यावर मांडल्या होत्या. १९०८ साली, पन्नासाव्या वाढदिवशी, हेन्री यांनी जेसी विल्स या परिचारिकेशी लग्न केले. १९११ साली 'कन्साइज' बाहेर पडला. ऑक्सफर्डच्या महाकोशाची शेवटची अक्षरे तेव्हा अजून व्हायची होती. तिथे या दोघा भावांना आपल्याच बळावर वाट काढावी लागली.

आणि मग १९१४ चे युद्ध. शब्दाला इतके जपणारा हा माणूस भरतीच्या मेजासमोर चक्क खोटे बोलला. छप्पन्न वर्षांच्या हेन्री यांनी आपले वय चव्वेचाळीस सांगितले. दोघे भाऊ फ्रान्सला गेले, पण आघाडीवर त्यांना कोणी पाठवेना. भांडी घासणे, कोळसा वाहणे अशी कामे मिळाली. लढण्यासाठी आलो आहोत, तर लढू द्या नाही तर घरी पाठवा, असा अर्ज या दोघांनी वरिष्ठांकडे केला. सैनिक म्हणायचे आणि हमाली करवून घ्यायची, ही त्यांच्या लेखी चुकीच्या शब्दयोजनेसारखीच गोष्ट असावी. प्रकृती ढासळून हेन्री परत आले. फ्रँक यांना सैन्यात क्षय जडला आणि १९१८ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

'यूसेज'ची योजना दोघांची होती. तो पुरा करावा लागला एकट्याला. ग्रंथ भावालाच अर्पण केला आहे. 'अफेक्ट' म्हणजे परिणाम करणे, 'इफेक्ट' हे क्रियापद म्हणजे घडवून आणणे. 'कंटिन्युअल' म्हणजे पुन्हा पुन्हा, 'कंटिन्युअस' म्हणजे मध्ये खंड न पडता. 'मास्टरली' कामात कसब असते, 'मास्टरफुल' माणसात हुकमत. 'डेफिनिट' उत्तर स्पष्ट असते. 'डेफिनिटिव्ह' उत्तरानंतर वाद उरत नाही. संक्षेपही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. 'आय.ई.' म्हणजे 'म्हणजेच' आणि 'ई.जी.' म्हणजे 'उदाहरणार्थ'. आपल्या कचेऱ्यांतल्या पत्रांत या दोहोंची अदलाबदल रोजची. नियमात 'म्हणजेच' लिहिले तर यादी तिथे संपली, 'उदाहरणार्थ' लिहिले तर अजून जागा आहे. एखाद्याचे निवृत्तिवेतन या दोन अक्षरांवर अडू शकते. संक्षेपापुढच्या टिंबाचाही त्यांनी नियम सांगितला. मूळ शब्दाचे शेवटचे अक्षर संक्षेपात आले असेल तर टिंब नको, म्हणून 'मिस्टर' आणि 'डॉक्टर' यांचे इंग्रजी संक्षेप बिनटिंबाचे. 'कॅप्टन'चा मात्र टिंबासह.

त्यांचे सगळेच निवाडे टिकले असे नाही. 'मास्टरफुल'चा त्यांनी आखलेला बांध आज इंग्रज लेखकही सर्रास ओलांडतात. लॅटिन-ग्रीकवर पोसलेल्या शिक्षिताचा थोडा तोराही त्यांच्या लेखनात आहे. १९९६ च्या आवृत्तीत संपादक बर्चफील्ड यांनी निवाड्यांऐवजी प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर भर दिला, तेव्हा फाउलरभक्त चांगलेच नाराज झाले. मला बर्चफील्ड अधिक शास्त्रशुद्ध वाटतात; पण वर्गात उभे राहिल्यावर हाती फाउलरच लागत.

१९२५ पासून ते सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहत. १९३० साली जेसी कर्करोगाने गेल्या. पत्नीसाठी रचलेल्या कविता त्यांनी पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने छापल्या. मग पुन्हा कोशाचेच काम, या वेळी आणखी एका मोठ्या कोशाचे. तो पुरा झाला नाही. २६ डिसेंबर १९३३ रोजी फाउलर वारले.