उणेपणाच्या दिवसांतील धर्मानंद

धर्मानंद कोसंबी हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना 'भगवान बुद्ध' या ग्रंथामुळे परिचित आहे. पालीचे गाढे पंडित, हार्वर्डपर्यंत पोहोचलेले संशोधक ही त्यांची प्रतिमा इतकी ठसली आहे की, विशी-बाविशीतले धर्मानंद सहसा कोणी डोळ्यांपुढे आणीत नाही. आम्हांला येथे त्या तरुणाविषयीच लिहावयाचे आहे. कारण स्वतःच्या योग्यतेविषयी त्याचे मत आज एक, तर उद्या दुसरे असे.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण अल्प, विवाह लहान वयात, आणि शिरावर नारळीच्या बागेची व्यवस्था. हाती येईल ते पुस्तक वाचावे, त्याने उत्साह चढावा, विद्येसाठी घराबाहेर पडावे आणि लवकरच परत यावे, असे त्यांच्या हातून एकाहून अधिक वेळा घडले. प्रत्येक परतीबरोबर आपण आळशी आणि निरुपयोगी आहोत ही टोचणी अधिक खोल जाई. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हे काहीही न लपविता मांडले आहे. एवढ्या विद्वानाने आपली निराशा अशी उघड करावी, हे आम्हांला त्यांच्या पांडित्याइतकेच मोलाचे वाटते.

'बालबोध' मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांचे मन एका ठिकाणी बसले. त्यानंतर त्यांचे वाईट दिवस संपले असे नव्हे. बदलले ते इतकेच की, आपण मोठे की क्षुद्र हा प्रश्न मागे पडून बुद्धाची शिकवण मुळातून जाणून घेण्याचे काम पुढे आले. मन खचलेल्या दिवशीही ते काम लहान होत नव्हते.

१८९९ साली ते घराबाहेर पडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीने काय सोसले असेल याचा हिशेब चरित्रकार क्वचितच मांडतात, आणि केवळ धर्मानंदांच्या विद्वत्तेने तो फिटतो असे आम्ही म्हणणार नाही. पुण्यात काही काळ काढून ते काशीला गेले. तेथे अन्नछत्रातील जेवणावर राहून संस्कृत शिकले. धर्माच्या शोधात नेपाळला गेले, तर पदरी निराशा आली. पूर्वीचे धर्मानंद येथूनच घरी वळले असते. या वेळी ते बुद्धगयेवरून पुढे सिंहलद्वीपाला गेले आणि १९०२ मध्ये विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीच्या अध्ययनास बसले. तेथे प्रकृतीने साथ दिली नाही. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले. अध्ययन मात्र सुटले नाही.

पुढे कलकत्त्याला अध्यापनाची मोठ्या वेतनाची संधी असता, महाराष्ट्रात राहून कार्य करावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. अल्प वेतनाने आपली किंमत कमी होते, असे त्यांना आता वाटत नव्हते.

तरीही अपमान झोंबत नसे, असे समजू नये. १९१० मध्ये ते वॉरेन यांनी अपुरे ठेवलेल्या 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाला, तेव्हा काम तसेच सोडून १९१२ साली ते स्वदेशी परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. ज्या मनुष्याला एकेकाळी आपण कशाच्याच लायकीचे नाही असे वाटे, तो आता आपल्या श्रमाच्या नावासाठी समुद्र ओलांडून परत येत होता. राग मात्र त्यांनी ग्रंथावर काढला नाही. पुढील वीस वर्षांत ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले आणि तेच संपादन त्यांनी तडीस नेले.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. हार्वर्डचा तो ग्रंथ १९५० साली प्रकाशित झाला. त्यावर वॉरेन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हेही नाव आहे.